बावीस कोयत्यांची यादी

२२ मार्च २०२०, रविवार. संध्याकाळी ६.१०

ग्रामपंचायतीचं एक कोरं आवक-जावक रजिस्टर उरलं होतं. आजपासून त्यात रोजनिशी. खासगी. कुणी वाचू नये.

परिस्थिती गंभीर. ग्रामसेवक अंबाजोगाईला अडकले. सरपंच साखराबाई घराबाहेर पडत नाहीत, कारभार त्यांचा नवरा बंकट बघतो, आणि बंकटला वाचायचा कंटाळा. म्हणजे अकराशे वस्तीच्या या वाघदऱ्यात कायदा समजणारा माणूस एकच उरला. मी, अजिनाथ, ग्रामपंचायत लिपिक, सेवा एकोणीस वर्षं. आज ग्राम दक्षता समिती झाली. सचिव मी.

साथरोग कायदा, सन १८९७. मोबाइलवर आला. इंग्रजांचं काम नेटकं, चार कलमांत सगळा देश बसवला. संकल्प: पहाटे पाचला उठणे. रोज एक कलम पाठ करणे. चहा एकदाच.

पाचला टाळ्या-थाळ्या होत्या. घरातच राहून वाजवायच्या. गाव मारुतीपुढं जमून वाजवत होतं. एकसष्ट जणांची नावं टिपून घेतली. केसरनं विचारलं, "आन तुमी तितं काय करीत होतात?" बायकोला ड्यूटी म्हणजे काय हे समजावणं अवघड आहे.

२५ मार्च, बुधवार. पाडवा. दुपारी ३

रात्रीपासून देश बंद. एकवीस दिवस. आता खरा प्रश्न असा की वरचे कायदे गावाला पुरत नाहीत. वाघदऱ्याला स्वतःचे तातडीचे नियम हवेत. गुढी उभी केली आणि बसलो. एकटाकी सत्तावीस नियम. भाग एक, साथ. भाग दोन, अर्थव्यवस्थेची उभारी. दिल्लीला भाग दोन अजून सुचलेला दिसत नाही.

महत्त्वाचे तेवढे इथं उतरवतो. नियम ३: गावचा रस्ता बंद. नियम ११: मोटारसायकलवर एकच माणूस. नियम १४: बाहेरून आलेल्या नातेवाइकाशी सहा फुटांवरून बोलावे, तेही गरजेपुरते. नियम १९: दूध, कांदा व शेळ्या यांचा व्यापार वाढवावा.

मंजुरीची अडचण होती. ग्रामसभा घ्यावी तर जमावबंदी. मार्ग काढला. समितीचे तिघं पाराच्या तीन कोपऱ्यांवर उभे राहिलो. मी मोठ्यानं वाचायला लागलो तर बंकट म्हणाला, "वाचू नको बे. सही कुटं करू ते सांग." एकमतानं मंजूर.

२७ मार्च, शुक्रवार

नियम ३ ची अंमलबजावणी. बंकटच्या जेसीबीनं गावच्या रस्त्यावर आडवा चर खोदला, चार फूट खोल. पुढं बाभळीचे फास, म्हणजे काटेरी फांद्या. आता मुंगीही येणार नाही.

सकाळी ७ वाजता दुधाची गाडी आली. ती पण येऊ शकली नाही. चराच्या पलीकडं थोडा वेळ हॉर्न वाजवून परत गेली. गावाचं तीनशे चाळीस लिटर दूध गावात. नियम १९ ला धक्का. घरोघरी खवा आटवताहेत. पोरं खूश, मोठी माणसं माझ्याकडं बघून थुंकताहेत. थुंकण्याबद्दल नियम करायचा राहिला. २८ वा म्हणून घालावा.

सुधारणा: दूध डोक्यावरून चर ओलांडून न्यावे.

३१ मार्च, मंगळवार. दुपारी

पहाटे पाचला उठणं: नऊपैकी दोनदा. त्यातलं एकदा डासांमुळं.

केसर रोज अकराला फोन लावते. पलीकडं आमची मुलगी. तिचं नाव या वहीत येणार नाही. गेल्या वैशाखात चार लोकांसमोर बोललोय, तिचं नाव या तोंडानं घेणार नाही, या हातानं लिहिणार नाही. माणसानं शब्दाला पक्कं असावं. कारण एकदाच लिहून ठेवतो. तिला अंबाजोगाईला नर्सिंगला घातली होती. दुसऱ्या वर्षी सोडून दिलं आणि गावातल्याच हरिओमशी लग्न केलं. हरिओम ऊसतोडीला जातो. पोरगा वाईट नाही. पण माझ्या आईनं सत्तावीस सिझन ऊस तोडला. माझ्या हातात कोयता येऊ नये म्हणून मला मामाकडं शाळेला ठेवलं. आमच्या घरात पेन आलं ते असं. आणि हिनं पेन ठेवून कोयता धरला. दिवाळीनंतर दोघं घाटाखाली कारखान्यावर गेली. विषय संपला.

तिला नववा महिना लागलाय. हे भिंतीआडून कळलं. मी मुद्दाम ऐकत नव्हतो, रजिस्टर भिंतीला टेकवून लिहीत होतो.

९ एप्रिल, गुरुवार

कारखान्याचं गाळप संपलं. आपल्या गावचे सगळे तोडकरी रिकाम्या फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्यांत, बुटक्या झोपड्यांत, बसून आहेत. हलायची परवानगी नाही. तिथलं दुकान उधार देत नाही. पाण्याचा टँकर दोन दिवसांनी. आमची मुलगी कोपीत वाकून शिरते-निघते तेव्हा कंबर धरते, असं केसर सांगत होती. मला नाही, गावच्या आशा सेविका करिष्माला. मी शेजारी होतो.

करिष्मा म्हणाली, तारीख महिनाअखेरची हाय, पण पहिलटकरणीचं सांगता येत न्हाई.

केसर माझ्याकडं वळली. "आणा तिला." मी शांतपणे समजावलं. जिल्हाबंदी आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे, कलम १८८ आहे. उद्या मीच माझ्या मुलीसाठी नियम वाकवला तर गावाला काय तोंड दाखवू?

ती म्हणाली, "कायद्याला लेक न्हाई. तुमाला हाय."

सत्तावीस नियम पुन्हा वाचून काढले. रात्री कालवणात मीठ नव्हतं. योगायोग असावा.

१४ एप्रिल, मंगळवार

बंदी वाढली. एकवीस दिवसांचा आढावा. कायद्यातली कलमं चार. पाठ झाली सव्वा. चहा दिवसाला पाच, पण दोन अर्धे. भाग दोनखाली गावाच्या अर्थव्यवस्थेत वाढ: बंकटचा बैल विकला गेला, तो बंकटच्या भावालाच.

केसर दोन दिवसांपासून माझ्याशी सहा फुटांवरून बोलते, तेही गरजेपुरतं. मी तिला सांगितलं, नियम १४ फक्त बाहेरून आलेल्यांना लागू आहे. ती म्हणाली, "तुमी तरी आतले कुटं हायत?"

१७ एप्रिल, शुक्रवार. संध्याकाळी ५

सरकारचा हुकूम आला. ऊसतोड कामगारांना गावी येऊ द्यायचं. अट अशी की गावानं आपल्या माणसांची यादी तहसीलला द्यायची, त्या यादीवरून पास निघणार, आणि हद्दीवरच्या नाक्यावर पास बघून सोडणार.

चाळीस मिनिटांत यादी पाठवली. तालुक्यात पहिला वाघदरा. तहसीलमधल्या भाऊसाहेबांनी उलट अंगठा पाठवला, वर दाखवलेला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

यादी देखणी झाली. मुकादम धोंडीराम, जो ह्या सगळ्यांना कारखान्यावर नेतो, त्याच्याच वहीच्या पद्धतीनं केली. एकूण कोयते बावीस. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, कारखाना मोजतो ते कोयते, आणि कोयता लिहायचा तो गड्याच्या नावानं. पिढ्यान् पिढ्या असंच. बावीस नावं, एका पानात. फॉर्मवर 'एकूण व्यक्ती' असा रकाना होता. तिथं २२ लिहिलं. कोयते की व्यक्ती हा घोळ तहसीलवाल्यांना कळेलच, तेही इथलेच आहेत.

सतरा नंबरला हरिओम.

केसरनं विचारलं, लेकीचं नाव नीट घातलं का. मी म्हणालो, सगळं नियमात आहे. बायकांची नावं वेगळी घालायला पानावर जागाच नव्हती. असती तरी पद्धत नाही. माझ्या शब्दाचा त्यात काही संबंध नाही.

१९ एप्रिल, रविवार

शाळेत विलगीकरणाची सोय लावली. वर्ग चार, चुन्याचे चौकोन, बाहेर पाण्याची टाकी. आलेल्यांनी इथं चौदा दिवस राहायचं.

तालुक्याहून सामान आलं. बावीस साबण, बावीस मास्क, बावीस तपासणी फॉर्म. करिष्मा म्हणाली, "काका, बावीसच कावून? मानसं तर लई येत्याल." मी समजावलं की सरकार कोयत्यामागं एक साबण देतं. नवरा-बायको एकच साबण वापरतात. करिष्मानं साबण पुन्हा एकदा मोजले. शिकलेल्या पोरींना शासकीय हिशेब लवकर कळत नाही.

केसर हळिवाचे लाडू वळते आहे. मी दोनदा सांगितलं की बाहेरून आलेल्याला घरचं अन्न देता येणार नाही. ती वळते आहे.

२० एप्रिल, सोमवार

संध्याकाळी चारला दोन ट्रक निघाले. उद्या सकाळी नाका, दुपारपर्यंत गाव.

स्वागताचं भाषण लिहिलं. "बंधूंनो" अशी सुरुवात. सहा मिनिटांचं आहे. मुलीशी बोलण्याचा प्रश्न येत नाही, नियम १४ आहेच. फक्त ट्रकातून उतरताना आधाराला फळी ठेवावी असं सुचवून ठेवलं. सगळ्यांसाठीच.

२१ एप्रिल, मंगळवार. सकाळी ११.२०

धोंडीराम मुकादमाचा फोन. ट्रक नाक्यावर सकाळी आठपासून अडवलेत. पासावर व्यक्ती बावीस, नावं बावीस, सगळे गडी. ट्रकात माणसं एकाहत्तर. नाक्यावरचा जमादार म्हणतो, बावीस जणांनी पुढं जा, बाकीच्या बाया न् पोरं यादीत नाहीत, त्यांना परत कारखान्यावर पाठवा.

गडी जायला तयार नाहीत. ऊन चढलंय. पाणी संपलंय.

नाक्यावर साधं ज्ञान नसलेली माणसं बसवलीत. कोयता म्हणजे काय हे माहीत नाही. तक्रार करणार.

११.२५

मुकादमानं फोन ठेवताना आणखी एक सांगितलं. ते वर लिहायचं राहिलं. मुलीला पहाटेपासून कळा येताहेत. आधी कुणाला बोलली नाही. आता ट्रकाच्या सावलीत निजवलीय.

११.३५

भाऊसाहेबांना फोन. मी त्यांना कोयत्याचा अर्थ सांगितला. ते म्हणाले, "अर्थ मला ठाऊक हाय हो. पण तुमी व्यक्तीच्या रकान्यात बावीस लिहिलं, मंग मी पास बावीसचाच काढनार ना? म्या म्हन्लं गडी माणसं आधी येत असतील."

पहिल्या नंबरानं पाठवली म्हणून कुणी तपासली नाही. ते म्हणाले, नवीन यादी पाठवा. प्रत्येक बाईचं, प्रत्येक पोराचं नाव आणि वय. साहेबांची सही घेऊन नाक्यावर टाकतो. साहेब दोन वाजेपर्यंत मीटिंगमध्ये आहेत.

मी त्यांना सांगितलं की एक बाई अडलीय. ते म्हणाले, कोन?

लाइन खराब होती. ठेवला.

११.५५

यादीला बसलो. पहिलं नाव, धोंडीराम. त्याची बायको. धोंडीरामची बायको. नाव आठवेना. दुसरा, त्याच्या बायकोचं पण नाही. घरपट्टी, पाणीपट्टी, राशन, सगळी रजिस्टरं माझ्या हाताखालून गेलीत, आणि बावीस बायकांतल्या मला सात आल्या. 'अमक्याची मंडळी' म्हणून सगळ्या माहीत.

एकच रकाना दोनदा आखला. उन्हामुळं.

१२.०५

केसर येऊन समोर बसली. सहा फूट वगैरे नाही, गुडघ्याला गुडघा. तिसरीपर्यंत शिकलेली बाई. म्हणाली, लिवा.

सांगत गेली. धोंडीरामची कडूबाई, चाळीस. दुसरी वत्सलाबाई, "ती माज्या लगनाच्या साली झाली", म्हणजे एकतीस. तिसरी स्वप्ना. तिची पोरगी राजनंदिनी, पाच वर्षांची, "ती पोरगी मुकी न्हाई, लाजती, तसं लिवा न्हाईतर नाक्यावर इचारत बसत्याल." लेकरं सत्तावीस, एकाचंही वय अडखळलं नाही. कोण कोणत्या सिझनला, कोणत्या फडात झालं तेही तिला ठाऊक. मी लिहीत होतो. ही नावं एकोणीस वर्षं माझ्या घरात होती. मी विचारलं नव्हतं.

सतरा नंबरला ती थांबली. मी पुढं सांग म्हणालो. म्हणाली, "ते तुमाला येतंय."

उठून आत गेली.

१२.४८

रोहिणी. वय एकवीस.

१२.५५

फोटो पाठवला. गोल फिरतंय. जात नाही.

१.०५

गेला. मी नाक्याला निघतोय. सचिवानं प्रत्यक्ष पाहणी करायला हवी म्हणून. करिष्माला बरोबर घेतो. नियम ११ तात्पुरता स्थगित.

संध्याकाळी ५.३०. नाक्यावर, ट्रकाच्या पायरीवर बसून

जमेल तसं लिहितो.

गावाबाहेर पडताना घाईत माझ्या लक्षातून चर निसटला. करिष्मा आधीच उडी मारून उतरली होती. मोटारसायकल चरात, मी मोटारसायकलवर, बाभळीचा फास माझ्यावर. दूधवाले धावत आले. वर ओढताना चौघं होते. पाचवा आला तेव्हा मी म्हणालो, जमाव होतोय. एक जण म्हणाला, "सोडा रे याला परत खाली." सोडलं नाही. मोटारसायकल त्यांनी डोक्यावरून पलीकडं काढली. दुधाच्या सवयीमुळं जमलं असावं.

तीस-बत्तीस किलोमीटर. करिष्मा मागं पिशवी छातीशी धरून. मला भाषणातलं काही आठवत नव्हतं. माझी आई सारखी डोळ्यांपुढं येत होती. माझी कागदावरची जन्मतारीख एक जून आहे. आमच्या वयाच्या सगळ्यांचीच एक जून, गुरुजींनी लावलेली. खरं कुठं आणि कधी झालो याची नोंद नाही. विचारलं की मी गावात झालो असं सांगतो. झालो कोपीत. आई सांगायची, मोळी बांधून झाली अन् मग तू झालास, कोयत्याचा दिवस बुडू दिला नाही. तिचं नाव चंद्रभागाबाई. कोणत्याही मुकादमाच्या वहीत ते नाही. आज पहिल्यांदा मनात आलं की ही यादी करताना मी तिलाही वगळलं असतं.

मला भीती वाटत होती. रस्ताभर. दुसरं काही नाही, नुसती भीती.

अडीचला पोचलो. रस्त्यावर आडवा दोर, खुर्चीवर जमादार, वयस्कर माणूस. दोराच्या पलीकडं गडी उभे. बावीसच्या बावीस. परवानगी असून एकानंही दोर ओलांडला नव्हता. हरिओम मला बघून पुढं आला. मला वाटलं मारील. तो म्हणाला, "मामा, लवकर या."

जमादार आडवा आला. कोण तुम्ही? मी सवयीनं म्हणालो, सचिव, ग्राम दक्षता समिती, वाघदरा. त्यानं पास माझ्यापुढं धरला. "ही यादी करनारा तूच का रं?" हो म्हणालो. तो म्हणाला, "मंग सचिवाचं इतं काम न्हाई. ह्या ताईला सोडतो, दवाखान्याची हाय. तू मागं सर."

करिष्मा गेली. मी दोराला धरून उभा. ट्रकाच्या मागं बायांनी पाच-सहा लुगडी धरून आडोसा केला होता. आतून आवाज आला. तिचा होता. लहानपणी दार बोटावर आलं होतं तेव्हा असा आला होता.

मी जमादाराला म्हणालो, "मी रोहिणीचा बाप हाय."

गेल्या वैशाखापासून पहिल्यांदा ते नाव तोंडातून आलं. त्यानं दोर खाली सोडला.

आडोशाच्या आत गेलो नाही. बाहेर उभा राहिलो. लुगडं धरणाऱ्या बायांकडं बघत होतो. ही कडूबाई, चाळीस. ही वत्सलाबाई, एकतीस. स्वप्नाची पोरगी माझ्या पायाशी येऊन बसली. तिला म्हणालो, तू राजनंदिनी. ती लाजली.

तीन वाजून बारा मिनिटांनी झालं. पण रडलं नाही. करिष्मा पाठ चोळत होती, हे आवाजावरून कळत होतं. जमादारानं टोपी काढली होती. ते किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही, घड्याळ बघायचं सुचलं नाही. मी देवाला बोललो की माझे सगळे नियम घे.

मग रडलं. मुलगी.

सही केलेली यादी चार वाजून पाच मिनिटांनी नाक्यावर आली. एकाहत्तर नावांची. बाळ तेव्हा त्रेपन्न मिनिटांचं होतं आणि त्यात नव्हतं. जमादारानं स्वतःच्या पेनानं खाली बहात्तर लिहिलं. त्याला माझं पेन देऊ केलं, त्यानं घेतलं नाही.

मायलेकींना उशिरा आलेल्या ॲम्ब्युलन्समधून तपासायला नेलंय, करिष्मा बरोबर. रोहिणी जाताना माझ्याकडं एकदा बघून गेली. ओळख दिल्यासारखं वाटलं. कदाचित ऊन डोळ्यांवर असेल.

२४ एप्रिल, शुक्रवार. शाळा, इयत्ता तिसरीचा वर्ग

मायलेकी ठीक. परवा दवाखान्यातून थेट शाळेत आणल्या.

विलगीकरणात मी पण. गावाबाहेर गेलो, प्रवाशांत मिसळलो. माझाच नियम. हातावर शिक्का. गावानं अपवाद करावा अशी माझी अपेक्षा नव्हती. अपेक्षा असल्याचं मी फक्त दोनदा सूचित केलं.

गावात उलथापालथ. साखराबाई स्वतः चावडीवर आल्या, साडेतीन वर्षांत पहिल्यांदा. चर बुजवायला लावला. समितीचा सचिव बदलला. बंकट म्हणाला, बायांचं काय काम इथं. साखराबाई त्याला म्हणाल्या, "घरात बसायचा नियम हाय. बसा." तो बसला म्हणतात.

नवीन सचिव केसर. माझं मत विचारलं गेलं नाही.

रोहिणी पलीकडच्या वर्गात. मध्ये खिडकी आहे. काल धीर करून विचारलं, बरी आहेस का. तिनं उत्तर पाठवलं हरिओमबरोबर. तो म्हणाला, "मामा, ती म्हणती नियम चौदा हाय." सहा फूट मी टेपनं मोजले. खिडकी नऊ फुटांवर आहे. म्हणजे अंतर बसतं. अडचण 'गरजेपुरते' या शब्दाची आहे. तो शब्द घालायला मला कुणी सांगितलं होतं?

२९ एप्रिल, बुधवार

केसर सकाळ-संध्याकाळ येते. सगळ्यांना नावानं हाक मारते, ताप बघते, पाणी बघते. चुन्याचे चौकोन पुसून टाकलेत, पोरं त्यावर लंगडी खेळत होती. दुधाची गाडी चालू झाली. तिनं कुठलाच नियम लिहिला नाही. विचारलं तर म्हणाली, "मानसं मोजली का झालं."

प्रत्येकाच्या नावापुढं तब्येतीचा रकाना असतो. माझ्यापुढं काय लिहिते असं हरिओमला विचारलं. त्यानं रजिस्टर बघून सांगितलं, "ताप न्हाई. खोकला न्हाई. गरज नसताना बोलतात."

नवा संकल्प: गप्प राहणे. सुरुवात उद्यापासून.

लाडू सगळ्यांना मिळाले. मलाही, अर्धा.

२ मे, शनिवार

दुपारी खिडकीतून रोहिणीचा आवाज आला. थेट मला. "नाना, तुमी कुटं झालात?"

मी म्हणालो, गावात. सवयीनं. मग पाच मिनिटांनी म्हणालो, कोपीत. आईचं आणि मोळीचं सांगितलं. ती ऐकत होती. पोरीला पाजत होती बहुतेक. शेवटी म्हणाली, "आजीचं नाव ठिवू का हिला?"

मी हो म्हणालो नाही. हरिओमनं तिकडं सांगितलं की मामांनी मान हलवली.

नर्सिंगचं राहिलेलं वर्ष पुन्हा करता येतं का, याची चौकशी करायची आहे. तिला अजून सांगितलेलं नाही. आधी फॉर्म नीट वाचणार.

५ मे, मंगळवार. सकाळी ९.४०

चौदा दिवस पूर्ण. सुटका.

केसर शाळेच्या पायरीवर रजिस्टर घेऊन बसली. एकेकानं यायचं, आपलं नाव बघायचं, सही किंवा अंगठा करून घरी जायचं. मी मदतीला पुढं झालो. रांगेत थांबा म्हणाली.

रांग मोठी. बायका सह्या करत होत्या. कडूबाईला सही येते हे मला माहीत नव्हतं. पोरांची नावं पण वेगळी, प्रत्येकाची एक ओळ. बहात्तर नंबरला बाळ, तिथं 'चंद्रभागा' लिहिलेलं, रोहिणीनं सही केली. त्र्याहत्तरला करिष्मा.

चौऱ्याहत्तर शेवटचा. मी. केसरचं अक्षर मोठं, एकेक काना सावकाश ओढलेला. पूर्ण नावाच्या रकान्यात तिनं लिहिलं होतं: रोहिणीचा बाप.

दुरुस्ती सुचवणार होतो. रकान्यात स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव लागतं, असं कुणाच्या तरी नात्यानं माणूस नोंदवता येत नाही. एकोणीस वर्षांचा अनुभव आहे. केसर पेन पुढं धरून बसली होती. मागं कुणी नव्हतं, तरी रांग अडल्यासारखं वाटलं.

सही केली आणि घरी आलो.